झुंबरबाईचं मीठ

झुंबरबाई परमुलखात दोनदा गेली. पहिल्यांदा नऊ वर्षांची असताना, हळदीच्या अंगानं. दुसऱ्यांदा साठीला टेकल्यावर, एका पिंजाऱ्याची आजारी फुफी, म्हणजे आत्या, होऊन. दोन्ही खेपांना वाट तीच आणि करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका तोच, फक्त तोंड उलट्या दिशेला.

जाफराबादच्या वरच्या अंगाला पाच-सात कोस गेलं की वऱ्हाड लागतं. मधे ना डोंगर ना दर्या. शेताच्या एका बांधाला निजामाची मोगलाई संपायची आणि दुसऱ्या बांधाला इंग्रजाचं राज्य सुरू व्हायचं. भाकर एक, देव एक, शिव्यासुद्धा एक. पण नाणं वेगळं, शिपायाची टोपी वेगळी. सत्तेचाळीसच्या श्रावणात तिकडं झेंडा बदलला. इकडं बदलला नाही, आणि तो बांध एकदम फार उंच झाला.

झुंबरबाईचा बाप कारभारी कुंभार वऱ्हाडातला, चिखलीकडचा. त्यानं पोर मोगलाईत दिली, कारण इकडं हुंडा कमी द्यावा लागला. पुढं मानमोडीच्या साथीत त्याचं घर एका पंधरवड्यात बसलं. बाप गेला, माय गेली, दोघं भाऊ गेले. निरोप आला तेव्हा तिसरा दिवससुद्धा उलटून गेलेला. त्यानंतर तीस वर्षं झुंबरबाई माहेराचं नाव काढत नव्हती. नाव काढून जायचं कुठं?

सासर पूर्णेच्या काठचं सावरगाव. नवरा पुंजाराम, गावचा बलुतेदार कुंभार. अंगानं वाळका, नाकानं उंच आणि स्वभावानं त्याहून उंच. तो माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा की या मातीची घागर तीन उन्हाळे काढील. सहसा काढायची. पूर्णेची माती म्हणजे लोणी, असं तो पाहुण्यांना ऐकवायचा, जणू नदी त्यानंच खणलेली. तिच्यात राख आणि गाढवाची लीद, तिसरं काही नाही.

झुंबरबाईनं पन्नास वर्षं ती माती तुडवली. तुडवायची बाईनं. चाकावरनं उतरलेल्या ओल्या भांड्यात आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्यानं ठोकायचं, घागरीला पोट आणायचं, तेही बाईनं. आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, रचायला गोवऱ्या वाहायच्या, डोक्यावर उतरंड घेऊन जाफराबादच्या बाजारात उन्हात बसायचं, गिऱ्हाइकाची टिचकी आणि टोमणा दोन्ही सोसायचं, सगळं बाईनं. फक्त चाकाला हात लावायचा नाही, आणि मातीत काय घालायचं यावर तोंड उघडायचं नाही. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं हे. लिहून ठेवलेलं निदान खोडता येतं.

सहा वर्षांमागं पुंजारामानं चाकाचा दांडा भुजंगाच्या, म्हणजे पोराच्या हातात दिला आणि स्वतः ओट्यावर तंबाखू मळत बसला. सरकारी माणसाला पेन्शन असते. बलुतेदाराची पेन्शन म्हणजे पोराच्या हातातला दांडा. झुंबरबाईचंही तुडवणं सुनेकडं गेलं. दोघांना वाटलं, आता मरेपर्यंत हे असंच.

भुजंगाच्या डोक्यात वेगळं होतं. तो बाजाराच्या गाढवांवर मडकी लादायचा आणि खालच्या मडक्यांत सरहद्दीपलीकडच्या कॅम्पातली निजामाविरुद्धची पत्रकं घालून आणायचा. पौषात नाक्यावरच्या एका शिपायानं मडकं फोडलं. भुजंग औरंगाबादच्या तुरुंगात गेला, सून लेकरू घेऊन माहेरी गेली. दहाव्या दिवशी भर दुपारी रझाकार आले. त्यांनी चाक फोडलं, छपराला काडी लावली आणि जाताना म्हणून गेले की म्हाताऱ्यांना परत येऊन बघतो. सगळं गाव कड्या लावून आत बसलं होतं. ज्यांच्या लग्नात पुंजारामाच्या हातची मडकी पुजली, ज्यांच्या मेलेल्यांपुढं त्याच्याच हातचं मडकं फुटलं, त्यांच्या घरातनं एक डोळासुद्धा बाहेर आला नाही.

आला तो लालमियाँ पिंजारी. पिढ्यान्‌पिढ्यांची भिंतीला भिंत. दुसऱ्या दिवशी त्यानं बैलगाडीत रुई भरली, बायकोचा, रहिमाबीचा बुरखा झुंबरबाईच्या अंगावर चढवला आणि तिला रुईत आडवं केलं. पुंजारामाचं पागोटं रुईखाली गेलं आणि डोक्यावर लालमियाँची जुनी टोपी आली. पुंजाराम बैलापुढं चालला. नाक्यावर विचारणा झाली तसं लालमियाँ सरळ म्हणाला, फुफी आहे, बीमार आहे, तिच्या लेकाकडं पोचवून राह्यलो. शिपायानं बुरख्याकडं बघितलं आणि नाक्याचा आडवा बांबू वर केला.

पलीकडं गेल्यावर पुंजारामानं आधी टोपी काढली, घडी करून लालमियाँच्या हातात दिली आणि पागोटं झटकून बांधलं. आभार मानले नाहीत. लालमियाँ हसला.

"पुंजाभाऊ, टोपीत तुमचं डोकं बराबर बसत व्हतं."

"माझं डोकं कुठंच बराबर बसत न्हाई," पुंजाराम म्हणाला, आणि मग मात्र त्याला लालमियाँकडं बघवेना.

सरहद्दीजवळच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात कॅम्प होता. तिथं तरण्या पोरांना काम होतं; कवायत होती, बंदूक होती, रात्रीची मोहीम होती. म्हाताऱ्यांना नुसती ज्वारी होती. पुढारी येऊन भाषण करून जायचे, तेव्हा म्हाताऱ्यांना पुढं बसवायचे आणि भाषण संपलं की मागं. फाल्गुनात आवई उठली की पावसाच्या आत आवार रिकामं होणार, ज्याला कुणी नातलग असेल त्यानं तिकडं जावं. पुंजाराम दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायचा.

त्या दिवसांत पिंपळखुट्याचे रामराव पाटील कॅम्पात आले. त्यांच्या गावचा कुंभार दोन वर्षांमागं मेला होता, मागं पोरबाळ नव्हतं. पाटील सरळ बोलणारा माणूस. त्यानं सांगितलं की आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, महिन्यावर आली. घरटी एक नवी घागर लागते, पितरांना पाणी पाजायला. दोन साल गाव दुसरीकडनं घागरी आणतं आणि बोलणी खातं. दीडशेच्या वर उंबरा आहे. आखाजीच्या आत आवा काढा. घागरी चांगल्या उतरल्या तर मेलेल्या कुंभाराचं घर, चाक आणि बलुतं तुमचं. नाही उतरल्या तर मी तुम्हाला इथंच आणून सोडीन.

पुंजाराम उठला तो वीस वर्षांनी तरुण होऊन.

पिंपळखुट्यात मेलेल्या कुंभाराची बायको सोनूबाई होती. चाक छपरात पालथं पडलेलं. तिनं ते स्वतः सारवून, हळदकुंकू वाहून पुंजारामाच्या हवाली केलं आणि झुंबरबाईला पहिल्याच दिवशी आक्का म्हणाली. मातीचं विचारलं तेव्हा ती म्हणाली की आमचे बुवा दीड कोसावरच्या तळ्यातली माती आणायचे, हा गावाजवळचा ओढा सोडून. का, ते तिला ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही.

पुंजाराम हसला. म्हणाला, घरात बसवत नसंल त्याला. दीड कोसावरनं माती आणायला गाढवं नव्हती, माणूस नव्हतं, दिवसही नव्हते. त्यानं ओढ्याची माती उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. चिकट आहे, म्हणाला, चालंल. ती जीभ पन्नास वर्षं एकाच नदीवर जगलेली होती. दुसऱ्या मातीचा खोटेपणा तिला कळावा कसा?

कळला तो झुंबरबाईच्या तळपायाला. चौथ्या दिवशी चिखल तुडवताना बारीक कण टोचायला लागले, रेतीसारखे पण रेतीहून मऊ. तिनं चिमूट उचलून बघितली. पांढुरके दाणे होते. आणि पन्नास वर्षांत कधी आठवला नव्हता तो बाप एकदम समोर उभा राहिला. कारभारी कुंभार मातीच्या गोळ्यावर लिंबू पिळायचा. फेस आला तर म्हणायचा, झुंबरे, हिच्या पोटात चुना हाय. भाजताना गुमान राहील, अन्‌ पाणी लागलं की फुटंल. अशा मातीला तो मीठ घालायचा. पायलीला मूठ.

तिनं सोनूबाईकडनं लिंबू मागून आणलं. गोळ्यावर पिळलं. गोळा हळू सळसळला आणि फेसाळला.

चाकाला तांबूस ऊन लागलेलं, पुंजाराम घागर उतरवत होता. ती गोळा घेऊन पुढं गेली.

"ऐका की. हिच्यात चुना हाय. माझा बाप अशा मातीत मीठ घालायचा."

त्यानं चाक थांबवलं नाही. गोळ्याकडं बघितलं, फेस बघितला. त्याला दिसलं, यात शंका नाही. पण आधीच साठ घागरी उतरून सावलीत वाळत होत्या. आखाजीला सतरा दिवस. आणि सांगणारी कोण, तर बायको. कुणाच्या जिवावर, तर सासऱ्याच्या.

"तुझा बाप बसणार हाय का चाकावर?"

"न्हाई."

"मंग तुडव."

ती परत आली आणि तुडवायला लागली. पाच दिवस तुडवत राहिली. पन्नास वर्षांची सवय अशी असते की माणूस समोरचा खड्डा बघतो आणि मान खाली घालून त्यातच पाय ठेवतो. सहाव्या दिवशी, शेवटच्या खेपेच्या मातीला, तिचा धीर झाला. सोनूबाईच्या घरातनं मडकंभर मीठ आणलं, पाण्यात विरघळवलं आणि पुंजाराम ओढ्यावर गेलेला बघून चिखलात ओतलं. त्या मातीच्या अडतीस घागरी झाल्या. थापटताना तिनं त्या प्रत्येकीच्या गळ्याखाली अंगठ्याचं नख उमटवलं. का उमटवलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित कुणीतरी विचारावं म्हणून.

आखाजीच्या चार दिवस आधी आवा उघडला. घागरी लालभडक, टिचकी मारली की घंटेसारख्या वाजायच्या. अख्खं गाव बघायला लोटलं. रामराव पाटलानं स्वतः पहिली घागर उचलली, कानाशी धरून वाजवली आणि पुंजारामाच्या खांद्यावर हात ठेवला. बुवा, आता हे गाव तुमचं, म्हणाले. त्या संध्याकाळी पुंजारामानं चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर भाकर खाल्ली आणि झुंबरबाईला म्हणाला की पोरगा सुटला की त्यालाही इकडंच बोलावून घेऊ. तिनं मान हलवली.  चुना कसला, आपला भरम असेल, बाप जाऊन तीस वर्षं झाली, त्याचं तरी काय खरं, असं ती मनाला समजावत राहिली.

आखाजीच्या सकाळी घरोघर घागरी भरल्या. वर डांगर ठेवलं, कुंकवाचं बोट लावलं, पुरणपोळीचा निवद दाखवला. दुपार कलंडायच्या आत गावात सुरुवात झाली. आधी घागरीच्या अंगावर फोडासारखे टवके उडायला लागले. चुन्याची कळी पाण्यात फुलते तशी आतनं फुलून. मग पाणी पाझरलं. मग एकेकीचं बूड गळून पडलं. पाटलाच्या देवघरात त्यांच्या आजापणज्याच्या नावानं भरलेली घागर निवदाच्या ताटावर फुटली आणि पुरणात पाणी झालं.

लोक छपरापुढं जमले.   बाया फुटक्या खापऱ्या आणून दारात ठेवत होत्या आणि न बोलता मागं सरत होत्या. ढीग झाला.

रामराव पाटील शेवटी आले. "बुवा," ते म्हणाले, "आमचे बापजादे तहानलेले उठून गेले. आता मी गावाला काय सांगू?"

 तेवढ्यात सोनूबाई, तिच्या मनात काही नव्हतं बिचारीच्या, आपली घागर कडेवर घेऊन पुढं आली. म्हणाली, माझी तर टिकली पाटील, बघा, थेंब नाही गळला. मग आणखी दोघी बोलल्या, आमचीही टिकली. कुजबुज सुरू झाली की कुणाचे पितर राजी, कुणाचे नाराज.

पुंजारामानं सोनूबाईच्या हातातनं घागर घेतली. फिरवून बघितली. गळ्याखालचं नख बघितलं. घागरीच्या अंगावर पांढरट साय धरली होती, तिथं त्यानं, सगळ्या गावादेखत, जीभ लावली. मग घागर परत दिली आणि छपरात गेला.

लोक पांगल्यावर झुंबरबाई आत आली. तो चाकापाशी बसला होता.

"किती टाकलं व्हतं?"

"पायलीला मूठ."

"तुझ्या बापाचं माप."

"व्हय."

"सगळ्या मातीत का न्हाई टाकलं मंग?" त्यानं विचारलं. या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं, म्हणून तिनं दिलं नाही.

सकाळी त्यानं एक रिकामं पोतं झटकलं, खांद्यावर टाकलं. घरची माती आणतो, म्हणाला. तिच्यात काय टाकावं लागत न्हाई. झुंबरबाईनं पदर पसरला, की नाक्यावर मारतील, एका पोत्यानं काय होणार. त्यानं पागोटं बांधलं. या खेपेला कुणाची टोपी नव्हती. ओढा उतरून वर चढेपर्यंत ती बघत राहिली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

आठ दिवस, पंधरा दिवस. सोनूबाईकडनं मिठाची गोष्ट गावभर झाली होती. रामराव पाटील एकदा येऊन गेले. खाली बघत म्हणाले, बाई, माती तुम्हाला कळते हे गावाला कळलं. पण बाईनं चाक फिरवलेलं गावाला चालत नाही. मी एकटा काय करू? छपर होतं, चाक होतं, मीठ होतं, मातीची जाण होती. पण ती ज्या हातात होती त्या हातात बांगड्या होत्या. पाटलानं कबूल केल्याप्रमाणं तिला स्वतःच्या गाडीतनं कॅम्पात आणून सोडलं. आवार रिकामं होण्याची आवई खोटीच ठरली होती; पावसाळाभर ती कॅम्पात चुली घालत राहिली. चुलीला चाक लागत नाही.

भाद्रपदात फौजा आत शिरल्या आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य आटोपलं. कॅम्पात गुलाल उधळला. झुंबरबाई त्याच गुलालातनं चालत निघाली. नाका ओस पडला होता, बांबू मोडून कुणीतरी सरपणाला नेला होता.

सावरगावात तिच्या घराच्या जागी चार काळ्या भिंती होत्या. त्या तिला माहीत होत्या. भुजंग तुरुंगातनं अजून परतला नव्हता. पण शेजारचं घरही काळं होतं, आणि ते ताजं होतं. रहिमाबी उंबऱ्याशी बसलेली. आजूबाजूच्या गावचा जमाव आला होता. लालमियाँ मागच्या भिंतीवरनं उडी टाकून गेला तो हैदराबादकडं की कुठं, ठाऊक नाही. या माणसानं कुंभाराची म्हातारा-म्हातारी वाचवली, हे सगळ्या गावाला माहीत होतं. गाव तेव्हाही कड्या लावून आत होतं, आताही कड्या लावून आतच होतं. राज्य बदललं, कड्या त्याच.

झुंबरबाई तिच्याशेजारी बसली. रहिमाबीनं न विचारता सांगितलं.

"भाईसाब आल्ते, वैशाखात. नदीवर गेले, पोतं भरलं. यांनी लाख सांगितलं, मत जाव. ऐकले न्हाईत. मंग हे गाडी घेऊन मागं मागं गेले."

नाक्यावर शिपायांनी विचारलं, काय आहे? पुंजाराम म्हणाला, माती. माती कोण नेतं सरहद्दीपार? याच कुंभाराच्या पोरानं मडक्यात पत्रकं आणली होती. त्यांनी पोत्यात सळई खुपसली, मग पोतंच उपडं केलं. काही निघालं नाही. जा म्हणाले. हसत होते. आता कुणीही निघून गेला असता.

"भाईसाब हटलेच न्हाईत," रहिमाबी म्हणाली. "म्हणाले, माती तुम्ही सांडली, तुम्हीच भरून द्या."

बंदुकीचा दस्ता एकदाच बसला, कानशिलावर. लालमियाँनं गाडीत घालून आणलं. नदीकाठी चिता रचली. गावातनं चार माणसं बोलावली, कुणी आलं नाही. आग द्यायची कुणी, म्हणून तो बराच वेळ पेटती चूड हातात धरून उभा राहिला. आणि मग त्यानंच दिली.

एवढं सांगून रहिमाबी उठली, लंगडत आत गेली आणि कोपऱ्याकडं बोट केलं. पोतं घराबरोबर जळून गेलं होतं. त्याच्या जागी मातीचा ढीग तसाच होता, वरनं भाजून कडक झालेला. नाक्यावर सांडलेली माती लालमियाँनं ओंजळीओंजळीनं परत भरून आणली होती.

झुंबरबाईनं वरची खपली दगडानं फोडली. आत माती काळी, मऊ होती. पितृपाटाचे दिवस चालू होते. तिनं ती भिजवली, राख मिसळली, लीद मिसळली, पायानं तुडवली. रहिमाबीच्या चुलीशेजारी मिठाचं मडकं होतं. तिचा हात त्याच्याकडं गेला, आपोआपच. तिनं तो मागं घेतला. चाक नव्हतंच. तिनं माती एका फुटक्या घागरीच्या बुडात थापून, आतून गोळा आणि बाहेरून थापटणं लावून, हातानंच घागर उभी केली. वाकडी झाली. वाळवून गोवऱ्यांत भाजली.

सर्वपित्री अमावास्येला दोघी म्हाताऱ्या नदीवर गेल्या. चितेची जागा रहिमाबीनं दाखवली. गवत उगवलं होतं. झुंबरबाईनं घागर पाण्यानं भरून तिथं ठेवली आणि दोघी दिवसभर समोर बसून राहिल्या.

सांजेपर्यंत एक टवका उडाला नाही. बाहेरून नुसता घाम आला होता, चांगल्या घागरीला येतो तसा.